हरणाऱ्याचं मौन

‘एकोणचाळीस? काय जी सर, हे चंद्रपूर आहे का महाबळेश्वर?’

वंदनाताईंचा हा मेसेज आला तेव्हा मी कुलरसमोर खाटेवर पडून होते. डावा पाय दोन उशांवर, मांडीपासून पोटरीपर्यंत पट्ट्यात जखडलेला. पाठोपाठ पुण्याहून दिनेशचा मेसेज आला, ‘सरांना काश्मीरचं तिकीट काढून द्या रे कोणीतरी.’ मी हसऱ्या चेहऱ्यांची रांग टाकली आणि वर लिहिलं, ‘सर, मौन कसं वाटून राहिलं? पन्हं तरी प्या. त्याला तोंड उघडलं तरी चालते.’

त्या दिवशी चिंचोळकर सरांना उत्तर द्यायची बंदी होती. तो आमच्या खेळाचा नियम होता.

आमच्या ग्रुपचं नाव ‘उन्हातले उनाड’. माणसं चार. चिंचोळकर सर, ज्यांनी आमच्या वस्तीतल्या दोन पिढ्यांना व्हॉलीबॉल शिकवला. वंदनाताई, त्यांची सगळ्यात जुनी विद्यार्थिनी, आता बल्लारपूरच्या शाळेत खेळाच्या बाई. दिनेश मडावी, मुलांच्या टीमचा एकेकाळचा कप्तान, नोकरीसाठी पुण्याला गेलेला आणि तिकडच्या छत्तीस डिग्रीला ‘उकाडा’ म्हणतो म्हणून रोज आमच्या शिव्या खाणारा. आणि मी, प्रणाली वाढई, वय वर्षं बावीस. मार्चमध्ये एका सामन्यात उडी मारून खाली आले ती गुडघा पिरगाळूनच. नागपूरला ऑपरेशन झालं, फाटलेल्या लिगामेंटच्या जागी नवं बसवलं. डॉक्टरांनी बजावलं होतं की पहिले तीन महिने या पायावर भार टाकायचा नाही, घरातल्या घरातही कुबड्या घेऊनच चालायचं. तेवढं पाळलं तर हिवाळ्यात मैदानावर. पुढे फेब्रुवारीत खेळाडूंच्या कोट्यातून नोकरीसाठी निवड चाचणी होती, आणि आई शिवणाच्या मशीनवर वाकलेली असताना माझ्या डोक्यात त्या चाचणीशिवाय दुसरं काही नसायचं.

ग्रुप सरांनीच काढला, माझं ऑपरेशन झाल्यावर. मला करमावं म्हणून, हे मला तेव्हाही कळत होतं. गप्पा म्हणजे काय, तर ऊन. कोणी काय प्यायलं, कोणाच्या टाकीतलं पाणी चहाला चालेल इतकं तापलं, काल रात्रीच्या मॅचमध्ये कोणी सोपा झेल सोडला. रोज सकाळी प्रत्येकानं त्या दिवशीच्या तापमानाचा अंदाज टाकायचा. संध्याकाळी आकडा जाहीर झाला की ज्याचा अंदाज सगळ्यात जवळचा, त्यानं दुसऱ्या दिवशी सरांकडे गाण्याची फर्माईश करायची. सर ते माउथ ऑर्गनवर वाजवून ग्रुपवर पाठवायचे. आणि ज्याचा अंदाज सगळ्यात चुकला त्यानं दुसऱ्या दिवशी सूर्य मावळेपर्यंत मौन पाळायचं. बाकीच्यांनी त्याला वाट्टेल तसं चिडवायचं, त्यानं सगळं मुकाट वाचायचं. न वाचता मौन पाळणं म्हणजे मैदान सोडून पळणं, असं सर म्हणायचे.

सर त्या हंगामात एकदाही हरले नव्हते. सकाळी अंगणात उभं राहून वाऱ्याकडे तोंड केलं की त्यांना दुपार कळायची. म्हणूनच आदल्या दिवशी त्यांनी ‘३९’ लिहिलं तेव्हा आम्हाला वाटलं, म्हाताऱ्याला गंमत सुचली. संध्याकाळी आकडा आला सेहेचाळीस पॉइंट दोन. आम्ही अक्षरशः नाचलो. मी तर पडल्या पडल्या नाचले.

त्या दिवशी आई राजुऱ्याला मावसबहिणीच्या लग्नाला गेली होती. मी तिला बळेच पाठवलं होतं. घरात मी, कुलर आणि मोबाइल.

दिनेशनं एक जुना फोटो टाकला. शाळेच्या मैदानावर सर नेट बांधतायत आणि त्यांची टोपी वाऱ्यानं उडालीय. त्यावर आम्ही तिघांनी भरपूर तोंडसुख घेतलं. मग वंदनाताई म्हणाल्या, ‘सरांची फार उडवून राहिलो आपण, उद्या ते आपल्याला मैदानाला फेऱ्या मारायला लावतील.’ मी गंमत म्हणून सरांनी किती वाचलं ते पाहायला मेसेजवर बोट दाबून धरलं. वंदनाताईंनी वाचला होता, दिनेशनं वाचला होता. सरांनी नाही. वरचा पाहिला. तोही नाही. सकाळपासूनचा एकही नाही.

‘सरांनी आज काहीच वाचलं नाही,’ मी लिहिलं.

‘झोपले असतील,’ वंदनाताई.

‘मौनात वाचन पण बंद केलं वाटते. नवीन नियम,’ दिनेश.

मी फोन लावला. रिंग पूर्ण वाजून बंद झाली. पुन्हा लावला. पुन्हा तेच. सर एकटे राहायचे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, आणि शेजारचे कुळमेथे सुट्टीत गावाला गेलेले. सकाळचा डबा देणाऱ्या मावशींचा नंबर माझ्याकडे नव्हता.

मी वंदनाताईंना फोन केला. त्यांचा आवाज एकदम बदलला. म्हणाल्या, ‘मी निघते. पण स्कूटीवर यायला मले वेळ लागन. तू घरातून हलू नको हं प्रणाली. पाय सांभाळ. आजूबाजूच्या कोणाले पाठव.’

आजूबाजूला कोण होतं? मी खिडकीतून दोन हाका मारल्या. मे महिन्यातली चंद्रपूरची दुपार ज्यानं पाहिली नाही त्याला सांगून कळायचं नाही. दारं बंद, पडदे ओढलेले, प्रत्येक घरात कुलरची घरघर. त्या आवाजात माझी हाक कोणाला ऐकू जाणार? सरांचं घर आमच्यामागच्या दुसऱ्या गल्लीत. धडधाकट माणसाला काहीच नाही. मी पट्ट्याकडे पाहिलं, कुबड्यांकडे पाहिलं. मला चाचणी आठवली, आणि आईची मशीनवर वाकलेली पाठ आठवली. खरं सांगते, मी थोडा वेळ तशीच बसून राहिले. मग ओढणी माठातल्या पाण्यात बुडवून डोक्याला गुंडाळली आणि निघाले.

डांबर इतकं मऊ झालं होतं की कुबडीचं रबर त्याला चिकटायचं आणि प्रत्येक वेळी ओढून सोडवावं लागायचं. ओढणी कोपऱ्यापर्यंत पोचायच्या आत वाळून कडक झाली. मी एका पायावर, एक-एक खांब गाठत गेले. मनात एकच घोकत होते, सर झोपलेले असू देत, मला दारात बघून संतापू देत, शिव्या घालू देत.

दार नुसतं लोटलेलं होतं. आत पाऊल टाकलं आणि तोंडावर भट्टीची झळ यावी तसं झालं. बाहेरच्यापेक्षा आत जास्त तापलं होतं. वर पंखा फिरत होता, गरम हवा ढवळत होता.

सर आतल्या खोलीत जमिनीवर पडले होते. एक हात पुढे, फोन हातापासून लांब. मी त्यांच्या कपाळाला हात लावला आणि झटक्यात मागे घेतला. अंगावर घामाचा थेंब नव्हता. डोळे अर्धवट उघडे, पण मला पाहत नव्हते. ओठ हलत होते. ‘रोटेशन... रोटेशन चुकलं...’ असं काहीसं.

‘सर! सर, मी प्रणाली!’

काही नाही. मी एकशे आठला फोन केला, पत्ता सांगितला. पलीकडच्या बाई म्हणाल्या, गाडी निघते आहे, तोवर त्यांना गार जागी न्या, अंगावर पाणी टाका, वारा घाला, तोंडात पाणी ओतू नका.

गार जागी. मी खोलीभर नजर फिरवली. खिडकीत चौकोनी भोक होतं, बाहेर लोखंडी स्टँड होता, छतावरून आलेली पाण्याची नळी स्टँडवर लोंबत होती. कुलर नव्हता. भोकाला आतून पुठ्ठा लावलेला.

आमच्या घरी महिन्याभरापूर्वी एक कुलर आला होता. हिरवा रंग, एका बाजूला पत्र्याचं ठिगळ. आई म्हणाली होती, ओळखीच्या दुकानातून भाड्यानं आणला, ऑपरेशनची जखम आहे, घामानं पिकली तर? मी काही विचारलं नव्हतं. मागचा महिनाभर सर रोज दुपारी ग्रुपवर लिहायचे, ‘मी बुवा कुलरसमोर, खस टाकून मस्त.’ आणि त्यांच्या माउथ ऑर्गनच्या रेकॉर्डिंगमागे पूर्वी जी घरघर यायची ती बंद झाली होती. मीच त्यांना लिहिलं होतं, सर, आताशा फार साफ ऐकू येते.

विचार करायला वेळ नव्हता. त्या खोलीत ते गार होणं शक्य नव्हतं. स्वयंपाकघरापलीकडे मोरी होती, तिथे शहाबादी फरशी आणि नळ. मी कुबड्या टाकल्या. सरांच्या काखेत मागून हात घातले आणि उजव्या पायावर मागे सरकत ओढू लागले. ते तसे हाडकुळे, पण बेशुद्ध माणूस जड होतो. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी अडले. एका पायानं उचलता येईना. पुन्हा जोर लावला, नाही. सरांची मान एकीकडे कलली आणि ते पुटपुटणंही थांबलं.

मी डावा पाय खाली टेकवला, पूर्ण भार देऊन, आणि वळून त्यांना उंबऱ्यावरून घेतलं. गुडघ्यात टचकन काहीतरी तुटलं. आवाज मला कानांनी नाही, आतून ऐकू आला. मार्चमध्येही असाच आला होता. त्यामुळे काय झालं ते मला त्याच क्षणी कळलं, कोणी सांगायची गरज नव्हती.

पुढचं मी बसूनच केलं. नळ सोडला, चादर भिजवली, त्यांच्या अंगावर टाकली, परातीनं वारा घातला. वंदनाताई आल्या तेव्हा मी रडत होते आणि वारा घालत होते. त्या मोरीत तशाच बसल्या, सरांचं डोकं मांडीवर घेतलं आणि म्हणाल्या, ‘सर, उठा ना जी. आम्ही हरलो, उठा.’ मग गाडी आली.

सर वाचले. चौथ्या दिवशी त्यांनी मला ओळखलं. मी दवाखान्यात त्यांच्या कॉटजवळ खुर्चीवर बसले होते, पायाला तोच पट्टा.

‘तू काहून आली?’ ते म्हणाले. जीभ जड झाली होती, एकेक शब्द ओढून काढावा लागत होता. ‘पाय...?’

‘पाय ठीक आहे.’

‘डॉक्टरले दाखवला?’

‘दाखवला. ठीक आहे म्हणाले.’

ते डोळे मिटून पडून राहिले. मला मात्र राहवेना. इतके दिवस दाबून धरलेला राग एकदम वर आला. ‘सर, तुम्ही आम्हाला काय शिकवलं? बॉल आपल्यावर येत असला की ओरडायचं. माझा! म्हणून ओरडायचं. जो गप राहतो तो पूर्ण टीमचा पॉइंट घालवतो. मग तुम्ही काहून नाही ओरडले? ताप होता ना आदल्या दिवसापासून? मुद्दाम एकोणचाळीस लिहिलं ना, दुसऱ्या दिवशी कोणी काही विचारू नये म्हणून?’

‘गाणं पाठवलं असतं तर... आवाजावरून ओळखलं असतं तुम्ही,’ ते म्हणाले. ‘मग कुलर परत आणला असता तू. मले माहीत हाये न तू.’

‘आणलाच असता!’

‘म्हणून तर.’ त्यांनी हसायचा प्रयत्न केला. ‘तुया पाय मोठा का मी मोठा? तुले फेब्रुवारीत खेळाचं हाये.’

मी खिडकीबाहेर पाहत बसले. कारण आदल्याच दिवशी वंदनाताई मला गाडी करून नागपूरला घेऊन गेल्या होत्या. डॉक्टरांनी तपासलं, फोटो काढले आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. नवं लिगामेंट गेलं होतं. पुन्हा ऑपरेशन करता आलं असतं, चालण्यापुरतं. उड्या मारण्यापुरतं नाही.

हे सरांना सांगायचं नाही, असं आम्ही तिघांनी ठरवलं. आईलाही शपथ घातली. आईनं कुलरचं माझ्यापासून लपवलं होतं, सरांनी तिच्याकडून वचन घेतलं होतं. आता सरांपासून लपवायचं वचन मी तिच्याकडून घेतलं. ती म्हणाली, ‘मायबाई, एका घरात किती गोष्टी लपवाच्या माणसानं?’ आणि मशीनवर डोकं टेकवून रडली.

दिनेश पुण्याहून आला आणि त्यानं कुलर परत सरांच्या खिडकीत बसवला. सर घरी आले, पण पूर्वीचे राहिले नाहीत. चालताना तोल जायचा, काठी लागायची. हात थरथरायचे. माउथ ऑर्गन ओठांवर धरला की सूर एका जागी थांबायचा नाही, तो त्यांनी कपाटात ठेवून दिला. ग्रुप चालू राहिला. उन्हाळा संपला तरी आम्ही लिहीत राहिलो, पण आता सर एकच विचारायचे, ‘प्रणाली, सराव?’ मी लिहायची, ‘चालू आहे सर.’ ‘ब्लॉकवर लक्ष दे.’ ‘हो सर.’ त्यांच्याकडे जायचं मी टाळायची. गेलेच तर आधी जाऊन बसायची आणि त्यांच्यानंतर उठायची, म्हणजे माझी चाल दिसू नये.

फेब्रुवारी आला. चाचणीच्या दिवशी मी बल्लारपूरला वंदनाताईंच्या घरी जाऊन राहिले, कारण सरांच्या लेखी मी नागपूरला होते. सकाळी सरांचा मेसेज आला, एका अक्षरापुढे दुसरं अक्षर टायपताना किती वेळ लागला असेल कोण जाणे, ‘घाबरू नको. आपला खेळ खेळ.’ वंदनाताईंनी वाचला आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या.

संध्याकाळी मी लिहिलं, ‘सर, नाही झाली निवड. मुली फार उंच होत्या. मी कमी पडले.’

त्यांच्यामुळे झालं असं त्यांना वाटण्यापेक्षा मी वाईट खेळले असं वाटलेलं बरं. आम्ही तिघांनी ते आधीच घोकून ठेवलं होतं.

मग आलं, ‘सर्व्हिस कशी घेतली?’

‘दोन सुटल्या.’

‘पाय आधी हलत नाही तुझे. किती वेळा सांगितलं. पाय आधी, हात मग.’

‘चुकलं सर.’

‘आळस केला तू. सराव कमी पडला.’

‘हो सर.’

न खेळलेल्या सामन्यातल्या चुका मी एकेक कबूल करत गेले. सर एकेक काढत गेले, नेट, उडी, हाताची बोटं, सगळं. इतकं तर ते मी शाळेत होते तेव्हाही बोलले नव्हते. वंदनाताई माझ्या खांद्यावरून वाचत होत्या. त्यांनी माझ्या हातातून फोन काढून घेतला आणि म्हणाल्या, ‘पुरे आता.’ मी म्हटलं, ‘राहू द्या ताई. त्यांना बरं वाटू दे.’

दुसऱ्या दिवशी मी चंद्रपूरला परतले. दुपारी आई कापड आणायला बाजारात गेलेली. मी ओसरीत खुर्चीवर बसले होते, हातात निवडायचे तांदूळ. फाटकाचा आवाज झाला. सर होते. काठी टेकत, भिंतीला हात लावत, दोन गल्ल्या चालून आले होते. दवाखान्यातून आल्यापासून ते कधी एवढं चालले नव्हते. शर्ट घामानं पाठीला चिकटलेला.

‘सर, सांगितलं असतं तर मी आले असते!’ मी उठायला गेले.

‘बस,’ ते म्हणाले. मैदानावरचा आवाज. मी बसले.

ते माझ्यासमोर आले. काठी भिंतीला टेकवली, खांबाला धरून हळूहळू खाली बसले, जमिनीवर. मी पाय ओढून घ्यायला लागले तर त्यांनी घोट्याला धरून थांबवला. मग दोन्ही हातांनी माझा डावा गुडघा धरला. अंगठ्यांनी वाटीच्या दोन्ही बाजूंना हळूच दाबून पाहिलं, पूर्वी मैदानावर कोणी पडलं की पाहायचे तसं. पाय पुढे थोडा ओढून पाहिला. गुडघा त्यांच्या हातात सरकला. आधाराला आत काहीच नव्हतं, ते त्यांना कळलं. पण त्यांच्या चेहऱ्यावर नवल नव्हतं. त्यांना ते किती दिवसांपासून माहीत होतं कोण जाणे. काल संध्याकाळी एकेक चूक काढताना तर नक्कीच माहीत होतं.

मी तांदळाचं ताट बाजूला ठेवलं.

‘दुखते का?’ सरांनी विचारलं.

मी नऊ महिने सगळ्यांना ‘नाही’ सांगत आले होते. आईला, वंदनाताईंना, दिनेशला.

‘दुखते, सर,’ मी म्हटलं. ‘लई दुखते.’

त्यांनी मान हलवली. गुडघा हातात तसाच धरून ते माझ्यासमोर जमिनीवर बसून राहिले, आई परत येईपर्यंत.